जेवणानंतर एक भांडण

आमच्या डॉक्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दवाखान्याच्या फाटकाशी, एका रिक्षावाल्याशी भांडताना. भांडत होते म्हणजे खरं तर हरत होते. तीन पिढ्या बडोद्यात गेल्या, पण या माणसाला गुजराती व्याकरणातल्या लिंगांनी कधी दाद दिली नाही. मराठीत आहे तेच गुजरातीत असेल, ही शक्यताच त्यांना पटायची नाही, म्हणून ते मुद्दाम वेगळं काहीतरी लावायचे. "तमारुं मीटर खोटी छे!" ते ओरडले. रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "खोटुं, साहेब. मीटर खोटुं." झालं! डॉक्टरांनी टाळीच वाजवली. "कबूल कर्युं ने? पोतेज कबूल कर्युं!" आणि भोवतीच्या लोकांकडे साक्षीला बघायला लागले. रिक्षावाल्यालाही हसू फुटलं. मी मुलाखतीसाठी साडीच्या निऱ्या सावरत तिथेच उभी होते. मनात म्हटलं, अगं बाई, हा पेशंट फाटकापर्यंत आला कसा?

आतल्या खोलीत गेले तर मुलाखत घ्यायला तोच पेशंट बसलेला. शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्याचा मनोविकार विभाग होता आणि त्यांना समाजसेविका हवी होती. माझं शिक्षण, अनुभव, काही काही विचारलं नाही. म्हणाले, "बडोद्याच्याच का? मग तुमचं मराठी ऐकायला नको. दोन वाक्यं नीट बोलायची आणि तिसऱ्याच्या शेवटी 'ने' लावायचा."

माझं डोकंच फिरलं. माझे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, घरात ऱ्हस्वदीर्घावरून जेवणं थांबायची. मी म्हटलं, "आमचं मराठी कसं का असेना, तुमच्या गुजरातीपेक्षा बरं आहे ने!"

तो 'ने' तोंडातून गेला तो गेलाच. बाकीचे दोघे परीक्षक खाली बघायला लागले. मी पर्स उचलली. डॉक्टर मात्र खुर्चीत रेलून बसले, जेवण झाल्यासारखा तृप्त चेहरा. "उद्यापासून या," म्हणाले. "गेल्या आठवड्यापासून सगळे नुसते 'हो सर, हो सर' करून गेले."

तर असा हा मनुष्य. वॉर्डातले गुजराती लोक त्यांना 'झघडाळू दाक्तर' म्हणायचे, तेही तोंडावर, आणि ते मानेनं रुकार द्यायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, कारण चष्मेवाल्याशी भांडण चालू होतं. घरी बायको अत्यंत शांत. मी एकदा त्यांना विचारलं, "वहिनी, तुम्ही यांना उत्तर कसं देत नाही?" तर म्हणाल्या, "अगं, उत्तर दिलं की ते खूश होतात. मग संध्याकाळचा स्वयंपाक होत नाही."

हे सगळं भांडण नुसतं खाज म्हणून नव्हतं. त्यामागे त्यांचा एक सिद्धांत होता, आणि तो ते दिसेल त्याला ऐकवायचे. बडोद्याला तेव्हा कारखाने वाढत होते, कुठकुठून माणसं येत होती. कोणी ओरिसाचा, कोणी केरळचा, कोणी आणखी कुठला. त्यांतले काही आमच्याकडे यायचे. कानात कोणी बोलतंय, भिंतीपलीकडे आपल्याविरुद्ध कट चाललाय, असं सांगायचे. डॉक्टरांचं म्हणणं असं, की गल्लीत आपल्यासारखा एकटाच असलेला माणूस लवकर आजारी पडतो. तोच माणूस आपल्या दहा घरांत राहिला असता तर कदाचित नुसता चक्रम म्हणून खपून गेला असता. म्हणून नवा पेशंट आला की बाकीचे डॉक्टर विचारायचे, "आवाज केव्हापासून येतात?" आणि हे विचारायचे, "तुमच्याशी तुमच्या भाषेत भांडायला कोण आहे?"

पेशंटचे नातेवाईक माझ्याकडे बघायचे. दाखल नक्की कोणाला करायचंय, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचा.

"अहो, प्रेम करायला परका माणूस चालतो," डॉक्टर मला समजावायचे. "नमस्कार-चमत्काराला तर कोणीही चालतो. पण भांडायला आपलाच लागतो. परभाषेत माणूस भांडत नाही, नुसता शब्द शोधत राहतो. आणि बाहेर कोणी भांडायला नसलं की डोकं आतल्या आत भागीदार तयार करतं."

"मग गोळ्या कशाला देता?" मी.

"गोळी पाहिजेच! गोळी बंद केलीत तर मी तुमच्या घरी येऊन भांडेन. गोळीनं आतला आवाज थांबतो. पण मग घरात जी शांतता पसरते तिचं काय करणार? ती कोणी भरायची?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याचा त्यांना फार राग आला, कारण भांडण तिथेच संपलं.

औषधाच्या चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली ते मोठ्या अक्षरात लिहायचे, 'रोज एक भांडण, जेवणानंतर'. आमचा औषधवाला सरळ माणूस. पेशंटला परत पाठवायचा, "आ दवा अमारे त्यां नथी मळती, स्टेशन पासे पूछो." एक बिचारे गृहस्थ स्टेशनजवळची सगळी दुकानं फिरून आले होते.

पेशंटच्या घरी भेट द्यायला जायचं तर डॉक्टरांच्या स्कूटरवरून, मी मागे. त्यात एक अडचण होती. तोंड दिसल्याशिवाय त्यांना भांडता यायचं नाही. माझं एखादं वाक्य लागलं की ते जिथे असतील तिथे स्कूटर थांबवून मागे वळायचे. फतेगंजच्या नाक्यावर मागे लष्कराचा ट्रक भोंगे वाजवतोय, आणि हे मला विचारताहेत, "काय म्हणालात? पुन्हा म्हणा!" लाज, लाज काढली या माणसानं माझी. ओळखीची कितीतरी माणसं त्या नाक्यावरून जायची आणि सांगत सुटायची, की ती दाक्तरबरोबर रस्त्यात भांडत असते.

भाषेचे गोंधळ तर रोजचेच होते. गुजरातीत वेड्याला जो साधा, सभ्य शब्द आहे तो मराठी कानाला भलताच ऐकू येतो. एका मराठी आजीबाईंच्या नातवाबद्दल आमच्या मंजुलाबेन सिस्टर मायेनं म्हणाल्या, की छे छे, तुमचा नातू 'तसा' नाहीये. आजीबाई ताडकन उठल्या. "औषध नको तुमचं, पण तोंड सांभाळा!" डॉक्टरांनी मध्ये पडून समजूत घालायला हवी होती. ते दाराशी उभं राहून ऐकत होते आणि आजींचा आवाज चढला की मान डोलवत होते.

पण मला सांगायचंय ते शालनबद्दल. डॉक्टर कसे होते हे सांगायचं तर शालनचं सांगितल्याशिवाय पुरं व्हायचं नाही.

शालन मालवणकडची. विशी नुकतीच ओलांडलेली. नवरा इथल्या एका कारखान्यात पाळीवर जायचा आणि बिऱ्हाड केलं होतं गोत्रीला, तेव्हा नव्या नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या तिथे. घर छान, मोकळं, पण घरमालकाची अट होती, की घरात 'तसलं काही' शिजवायचं नाही. आणि हिचा जन्म समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गेलेला. आजूबाजूला मराठी बोलणारं कोणी नाही. आधी ती गप्प झाली. मग दिवसभर हात धुवायला लागली, साबणानं सालं निघेपर्यंत. मग म्हणायला लागली, की भिंतीपलीकडून बायका बोलतात, हिच्या अंगाला वास येतो म्हणतात. पोर लहान, वर्षाच्या आतबाहेरचं, त्याला जवळ घेईना, माझा वास लागेल म्हणे. सासू गावाहून आली, पोराला उचलून घेऊन गेली आणि मुलाला सांगून गेली, की एवढं औषध करून बघ, नाहीतर मी परत येते तेव्हा हिला माहेरी पोचवून येऊ. पोर माझ्याकडे राहील.

नवरा वाईट नव्हता. पण आईपुढे त्याचं काही चालत नव्हतं. शालनचं घर आणि शालनचं पोर, दोन्ही त्या सासूच्या पुढच्या खेपेवर टांगलेलं होतं.

दाखल झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी राउंड होता. आमचा शिकाऊ डॉक्टर काठेवाडचा, फार गुणी मुलगा, कांदासुद्धा न खाणारा. त्यानं गंभीर चेहऱ्यानं केस मांडली. "साहेब, पेशन्ट डेन्जरस छे. एना मासाने खावानी वात करे छे."

आता गुजरातीत मासा म्हणजे मावशीचा नवरा.

"खावानी?" डॉक्टर म्हणाले.

"हा साहेब. में पूछ्युं, शुं जोईए छे? तो के', मारे मासा खावा छे. में पूछ्युं, केवी रीते? तो आखी रीत कही." त्या मुलाच्या कपाळावर घाम आला होता. "पहेलां साफ करवाना, पछी टुकडा करवाना, मीठुं-हळदर लगाडीने तळवाना. अने साहेब, माथुं फेंकी नहीं देवानुं. माथानुं सार बहु सरस थाय."

मंजुलाबेननी पदर तोंडाला लावला. आणि मग कळलं, की गेले दोन दिवस वॉर्डात कोणाचेही मासा भेटायला आले, तर मंजुलाबेन त्यांना दाराबाहेरच थांबवत होत्या. एक गृहस्थ तर केळी घेऊन आले होते, ती केळी तेवढी आत आली.

मला जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. खाटेच्या कठड्याला धरून मी हसले. डॉक्टरांनी खुलासा केला, की मराठीत मासा म्हणजे माछली. त्या मुलाला हायसं वाटायच्या ऐवजी आणखीच कसंतरी झालं. "माछलीनुं माथुं?" तो म्हणाला. मावशीचा नवरा त्याला एकवेळ चालला असता असं वाटलं.

हसून झाल्यावर मी शालनकडे पाहिलं. ती खाटेवर बसून आमच्याकडे बघत होती. एवढी माणसं आपल्याभोवती का हसताहेत हे तिला कळत नव्हतं, आणि बिचारीनं दोन्ही हात हळूच पदराखाली लपवले. मला इतकी शरम वाटली, की अजून वाटते. डॉक्टर तिच्या खाटेवर जाऊन बसले आणि मराठीत म्हणाले, "पोरी, तू मासे मागितलेस आणि आम्ही तुला नरभक्षक ठरवलं. भांड बघू आमच्याशी."

ती ओठातल्या ओठात म्हणाली, "नाही, असू दे." एवढंच.

माशाचं कोडं सुटलं तरी आजार होताच. आवाज तिला खरोखर ऐकू येत होते. गोळ्यांनी ते महिनाभरात हळूहळू विरले, पण तिचा स्वतःचा आवाज काही परत आला नाही. कुजबुजल्यासारखी बोलायची, विचारलं तेवढंच, तेही पुस्तकी मराठीत. नवरा रोज संध्याकाळी यायचा, दोघं शेजारी बसून राहायची. सासूचं येणं ठरलं होतं. डॉक्टर अस्वस्थ. "ही अशी कुजबुजत राहिली तर म्हातारी हिला घेऊनच जाईल," ते म्हणायचे. "चला, गोत्रीला."

गोत्रीला सोसायटीच्या सेक्रेटरींनी आमचं असं स्वागत केलं, की विचारू नका. खुर्च्या, चहा, गाठिया, पंखा आमच्याकडे वळवलेला. शेजारच्या बायकाही आल्या. "बहु सारी बेन छे," सगळ्या म्हणाल्या. "अमने कंई तकलीफ नथी." आणि ते खोटं नव्हतं. शालनला कोणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. फक्त ती जिन्यातून गेली की कोणीतरी अगरबत्ती लावायचं. तिच्या बाजूची खिडकी लोटून घ्यायचं. तिच्या पोराला खाऊ द्यायचं, पण तिच्याकडून आलेली वाटी तशीच झाकून ठेवायचं. ती जाऊन विचारणार काय आणि कोणाला? सगळेच हसून 'आवो ने' म्हणत होते.

डॉक्टरांनी कंबर कसली. पाण्याच्या टाकीवरून, जिन्यातल्या दिव्यावरून, गुजराती माणसाच्या साखरेवरून, जे सापडेल त्यावरून त्यांनी भांडण उकरून काढायचा प्रयत्न केला. सेक्रेटरी प्रत्येक वेळी हात जोडून म्हणायचे, "तमारी वात साव साची छे, साहेब." बाहेर आल्यावर डॉक्टर स्कूटरशी मटकन बसले. "अहो, एकही माणूस चिडला नाही! मी इथे राहिलो तर मलाही आवाज ऐकू येतील."

मग सुरू झाला शोध. आम्हाला मालवणी बोलणारं भांडखोर माणूस हवं होतं. डॉक्टर आमच्या बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून हिंडले. लोक खरोखर मदतीला तयार. एका मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "भजन चालेल का? आमच्याकडे सुरेख भजन आहे."

"भांडण हवं," डॉक्टर म्हणाले.

"भांडण कार्यकारिणीत असतं," अध्यक्ष म्हणाले, "पण ते फक्त सभासदांसाठी. आणि ते शुद्ध मराठीत."

शेवटी मीच शोधून काढलं. फतेगंजच्या मासळी विकणाऱ्याला विचारलं, तुम्हाला सगळ्यांत जास्त कोण छळतं? त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. "आका!" म्हणाला आणि कपाळाला हात लावला. आका म्हणजे मालवणकडची एक म्हातारी, नवऱ्यामागे एकटी राहायची, जन्मभर लष्करातल्या साहेबांकडे स्वयंपाक केलेला. रोज प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघायची आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. माशाच्या नव्हे, विकणाऱ्याच्या.

मी धावत येऊन डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "माणूस आहे की देव?"

आम्ही शालनला घेऊन आकाकडे गेलो. आणि काय सांगू! दाक्तरसाहेब घरी आलेत म्हणून आकानं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. खुर्चीवर चादर घातली होती. "यावे, बसावे," म्हणाली. "आपली प्रकृती कशी आहे?" असलं मराठी मी वर्तमानपत्रातही वाचलं नव्हतं. शालन खाली मान घालून 'बरी आहे' म्हणाली. आका म्हणाली, "आनंद आहे." डॉक्टर तळमळत होते. शेवटी न राहवून ओरडले, "अहो बाई, भांडा ना!" आका थक्क होऊन म्हणाली, "शिव शिव, पाहुण्यांशी?"

दुसऱ्या खेपेला मी डॉक्टरांना बजावलं, की तुम्ही यायचं नाही. केवढं आकांडतांडव केलं त्यांनी! पण मी ऐकलं नाही आणि शालनला एकटीला घेऊन गेले. आका घरच्याच साडीत चुलीशी होती. बांगड्याचा वास सगळ्या घरात भरलेला. शालन दारातच थबकली. तो वास तिनं किती दिवसांनी घेतला असेल! मला वाटलं रडते की काय. पण तिची नजर पातेल्याकडे होती.

"ह्यां काय घातलास?" तिनं विचारलं. कुजबुजूनच.

"चिंच," आका म्हणाली.

"बांगड्याक चिंच?"

"मगे? कोकमाची सोलां हय खंय गावतत?"

"आणि वासाक तिरफळा?"

"नाय."

शालन दारातून आत आली. मग तिचा आवाज एकदम घशातून वर आला. "चिंच घालूची, तिरफळा नाय घालूची, मगे डाळच कर ना! बांगडो कित्याक वाया घालवलंस?"

आकाच्या हातातली पळी थांबली. "कालची पोर तू, माका शिकयतंस?" आणि जे सुरू झालं ते मला निम्मंअधिक कळलंही नाही. आका पळी नाचवत होती, शालन पातेल्याशी जाऊन बसली होती, आणि भांडता भांडता दोघींनी ते चिंचेचं कालवण भाताबरोबर फस्त केलं. मी बाहेरच्या पायरीवर बसले आणि चक्क डोळे पुसले. नंतर डॉक्टरांना शब्दन्‌ शब्द सांगावा लागला. तिरफळापाशी त्यांनी मला दोनदा थांबवून पुन्हा सांगायला लावलं.

शालन घरी गेली. गोळ्या चालू होत्या, आणि दर एक-दोन दिवसांनी ती आकाकडे जायची. तिथून परतताना तिची चाल बदललेली असायची. तरी घरात, नवऱ्यापुढे, आवाज तोच दबका. आणि पोराचं नाव ती काढत नव्हती. डॉक्टरांनी विचारलं तर हात पदराखाली जायचे. आका ठीक, पण सासूपुढे काय होणार हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

सासू आली ती थेट दवाखान्यातच आली. उंच, काटक बाई, कडेवर नातू. मागे मुलगा, खाली मान घातलेला. शालन आधीच खुर्चीवर बसली होती. सासूनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांना म्हणाली, "साहेब, तुम्ही पुष्कळ केलंत. आता मी हिला हिच्या आईकडे पोचवते. पोराचं मी बघेन."

डॉक्टर काही बोलणार होते. जन्मभर बोललेला माणूस, पण त्या दिवशी नुसता चष्म्याच्या काडीचा दोरा गुंडाळत राहिला. नवरा खिडकीबाहेर बघत होता. शालनच्या ओठांवर काहीतरी आलं आणि गेलं. मला वाटलं, संपलं सगळं.

तेवढ्यात पोरानं टोपी ओढून खाली टाकली. डोकं तुळतुळीत.

"जावळ काढलात?" शालन म्हणाली.

सासू वळली.

"माका न इचारता जावळ काढलात?" ती उठून उभी राहिली. "जावळ मामाच्या मांडयेर काढतत. माझो भाव काय मेललो?"

"भावाक कोण सांगतलो? तू हय पिशी होवन बसललंस!" सासूनं तिला तोंडावर वेडी म्हटलं.

"पिशी झालंय तरी आवस मीच ना? माझ्या पोराचे केस, माका दाखवल्याशिवाय कापलात कशे?" तिचा आवाज असा चढला, की बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. सासूही कमी नव्हती. तिनं लग्नातल्या मानपानापासून सुरुवात केली. शालननं त्याच्याही मागचं काढलं.

आमचा काठेवाडी डॉक्टर इंजेक्शन भरूनच आत धावला. "साहेब, रिलॅप्स! व्हायोलन्ट छे!"

डॉक्टरांनी त्याचा हात वरच्या वर धरला. "खबरदार हात लावलास तर! ही पेशंट नाहीये आता. सून आहे."

आणि मग, भाबडेपणानं म्हणा, आनंदानं म्हणा, ते दोघींच्या मधे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फार छान, फार छान चाललंय. आजी, मी काय म्हणतो..."

दोघी एकदम त्यांच्यावर उलटल्या.

"तुमी कोण मदी?" सासू कडाडली. "ह्यां आमच्या घरातला भांडाण. भायर जावा!"

"जावा तुमी, डॉक्टर!" शालन म्हणाली.

आणि आमचे डॉक्टर, ज्यांना दवाखान्याच्या ट्रस्टींपुढे कोणी गप्प करू शकलं नव्हतं, ते स्वतःच्या खोलीतून निमूटपणे बाहेर आले. चष्मा वाकडा झालेला, चेहरा नुसता फुललेला. बाकावरच्या एका काकांनी घाबरून विचारलं, "साहेब, अंदर शुं चाले छे?"

"सारवार," डॉक्टर म्हणाले. उपचार चाललेत म्हणे!

दार अर्धवट उघडं होतं. मी आत बघितलं. सासूला आता काहीतरी मोठं सांगायचं होतं, देवाला साक्षी ठेवून, दोन्ही हात वर करून. पण कडेवर पोर. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि समोर सूनच होती, तर पोर तिच्याच हातात कोंबलं आणि हात मोकळे केले. शालननं पोराला झेललं, आपल्या कडेवर नीट बसवलं, त्या तुळतुळीत डोक्यावर पदर घातला आणि सासूला पुढचं उत्तर दिलं.

भांडण आणखी बराच वेळ चाललं. सासू दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गावी गेली, एकटी.